कमळाबाई आधी जेवतात

कमळाबाई धुरी रोज दुपारी साडेअकराला सगळ्यांच्या आधी जेवतात आणि त्याबद्दल रोज कुरकुर करतात. आधी जेवलं की पोट जड होतं, वाढताना वाकवत नाही, हात चालत नाही, अशी त्यांची तक्रारींची यादी तयारच असते. बावीस बायका समोर बसून त्यांचा पहिला घास बघतात. चौसष्टाव्या वर्षी बाईला अशी सवय लावायची म्हणजे छळ आहे, हे मलाही कबूल. पण ही सवय ज्या प्रकारातून लागली त्यात माझाही हात होता, आणि तो मी बरेच दिवस झाकून ठेवला, म्हणून हे लिहायला बसले आहे.

मी अनुजा. परळला एका जुन्या इमारतीच्या दोन मजल्यांवर आमचं वसतिगृह आहे. पोलिसांनी धंद्यातून सोडवलेल्या मुली आणि बायका कोर्टाच्या हुकमाने इथे राहतात, खटला उभा राहीपर्यंत किंवा घरचं कुणी न्यायला येईपर्यंत. मी इथली अधीक्षकही आणि समुपदेशकही. सतरा वर्षं झाली. पहिली काही वर्षं मी ठाकूरद्वारला घरी गेले की आईला सगळं सांगायचे. मग सांगणं आपोआप थांबलं. आता घरी जाऊन टीव्ही लावते आणि मालिकेतल्या सासूला शिव्या घालते. थकवा कुठेतरी काढावा लागतो, आणि ती सासू काही उलटून बोलत नाही.

कमळाबाई आमच्या स्वयंपाकघरात अकरा वर्षं आहेत. जन्म लालबागचा, मूळ गाव कणकवलीच्या बाजूला. वडील गिरणीत आणि आई खानावळवाली. आता खानावळ म्हटलं की पाटी लावलेलं हॉटेल डोळ्यांसमोर येतं, ही तसली नव्हे. चाळीतली दहा बाय बाराची खोली, तीत आईबाप, चार पोरं आणि बायकामुलं गावी ठेवून आलेले तीस गिरणीकामगार जेवायला. पहिल्या पाळीचे उठले की दुसऱ्या पाळीचे बसायचे. कमळाबाई सातव्या वर्षापासून ताटं मांडत होत्या. आईचा नियम एकच, वाढणारी बाई सगळ्यांच्या शेवटी जेवते. शेवटचा गडी हात धुऊन जिना उतरेपर्यंत आईने कधी तोंडात शीत टाकलं नाही. दोन माणसं जादा आली की ती टोपाला लागलेलं खरवडून खायची, आणि नेमकी त्या दिवशी ती जास्त खुशीत असायची.

“आज पुरला, म्हणायची,” कमळाबाई सांगतात. “तिला भूक लागलेली आम्ही कुणी कधी बघितलीच नाय.”

लग्न होऊन कमळाबाई सासरी आल्या त्या लालबागमधल्याच दुसऱ्या चाळीत. नवरा गुणाजी, गिरणीत मागाच्या साच्यांवर काम करणारा. चांगला माणूस, भजनात पेटी वाजवायचा. गिरणी बंद पडल्यावर पेटीही बंद पडली आणि दारू सुरू झाली. पुढचा भाग मला पहिली दहा वर्षं माहीत नव्हता. मला एवढंच माहीत होतं की गुणाजींनी एके दिवशी स्वतःच्या हिमतीवर दारू सोडली आणि त्यानंतर ते अकरा वर्षं जगले. कमळाबाई नवऱ्याचं कौतुक कधी करायच्या नाहीत, पण हे वाक्य कुणी म्हटलं की मान डोलवायच्या आणि लगेच कुठल्यातरी कामाला लागायच्या. त्या मान डोलवण्यात काही वेगळं आहे असं मला कधी वाटलं नाही. बायकांचे चेहरे वाचण्याचाच माझा धंदा, आणि ही माझी समज.

तर मनू. हे तिचं खरं नाव नाही. खरं नाव कायद्याने सांगता येत नाही, आणि कमळाबाईंना तसंही फायलीतली नावं लक्षात राहत नाहीत. नव्या मुलीला त्या पहिल्याच दिवशी स्वतःचं एखादं नाव देऊन टाकतात. ही आली तेव्हा विशीत होती, नांदेडकडची. मुंबईत केटरिंगवाल्यांकडे काम आहे, लग्नांत वाढायचं, राहायची सोय आहे, असं सांगून गावातल्याच एका ओळखीच्या बाईने तिला आणलं होतं. लग्न तिने एकही पाहिलं नाही. वडाळ्याला एका इमारतीत सहाव्या मजल्यावरच्या घरात ती चौदा महिने होती.

त्या घराला कुलूप नसायचं. हे पोलिसांनाही सुरुवातीला पटेना. दार नुसतं लोटलेलं असायचं, लिफ्ट चालू, खाली वॉचमन. पण तिथली बाई, जिला सगळ्या दीदी म्हणायच्या, संध्याकाळी स्वतःच्या हाताने प्रत्येकीला पिवळं सरबत द्यायची. पहिले काही दिवस मनूला वाटलं, प्रवासाचा शीण आहे म्हणून झोप येते. मग कळलं की झोप सरबतातून येते. तोवर तिच्या झोपेत काय काय होऊन गेलं होतं, आणि त्याचे फोटोही काढलेले होते. ती पिईना तेव्हा तिला धरून पाजलं. पुढे पुढे धरावं लागलं नाही. एक दिवस सरबत द्यायचं मुद्दाम थांबवलं, तेव्हा तिचं अंग मोडून आलं, पायांत गोळे आले, उलट्या झाल्या, आणि तिने स्वतःहून जाऊन दीदीचे पाय धरले. त्यानंतर दाराकडे बघायचं तिने सोडून दिलं. हे तिने मला खूप नंतर सांगितलं, बाजारातून काय आणलं ते सांगावं तितक्या सपाट आवाजात.

आमच्याकडे आली तेव्हा सुटलेल्या नशेचे हाल चालू होते. हात थरथरायचे, रात्रभर डोळा लागायचा नाही, भर उन्हाळ्यात थंडी वाजायची. दर मंगळवारी पालिकेच्या दवाखान्यातून डॉक्टर शंतनु येतात. तरुण आहे, अजून माणसांशी नीट बोलतो. त्याने गोळ्या लिहून दिल्या, हळूहळू कमी करत न्यायच्या. मनू गोळी घ्यायची, पाणी प्यायची आणि मोरीत जाऊन थुंकून यायची. सहा दिवस हे चाललं. नर्स सुट्टीवर होती, त्यामुळे गोळ्यांचा डबा कमळाबाईंकडे होता.

नवव्या दिवशी मी मंत्रालयात एका सहीसाठी बाकावर बसले होते. साहेब मीटिंगमध्ये, तीन तास झालेले, माझं डोकं उठलेलं. कमळाबाईंचा फोन आला.

“अनुजाबाय, पोरीला सकाळपास्नं झटके येतायत. गोळी थुंकते. काय करू?”

“कमळाबाई, कसंही करून ती गोळी तिच्या पोटात घाला. मला आत्ता बोलता येत नाही.”

फोन मी ठेवला. कसंही करून. हे शब्द मी नेहमीच वापरते, रिक्षावाल्याशी, शिपायाशी, स्वतःशी. ऐकणाऱ्या बाईच्या मनात त्यांचा काय अर्थ होईल, हा विचार मी केला नाही.

कमळाबाईंनी नाचणीचं सत्त्व केलं, गूळ आणि वेलची घालून, आजारी माणसाला कोकणात करतात तसं. गोळी लाटण्याखाली बारीक केली आणि त्यात घोटली. वाटी घेऊन त्या मनूच्या खाटेवर बसल्या आणि चमच्याने भरवू लागल्या. मनूला कमळाबाई आवडायच्या. साऱ्या वसतिगृहात ती फक्त त्यांच्या हातचं दोन घास खायची. पहिला चमचा तिने गिळला. दुसरा तोंडात घोळवला. कडू लागलं नसावं, गूळ पुष्कळ होता. पण जिभेवर कणी लागली, आणि ती कणी तिच्या ओळखीची होती.

ती ओरडली नाही. तिने तोंडातलं तळहातावर काढलं, बघितलं, आणि कमळाबाईंकडे बघून म्हणाली, “तुम्ही पण.”

त्यानंतर तिने आमच्याकडचं अन्न बंद केलं. नळाला ओंजळ लावून पाणी प्यायची. बंद पुड्यातली बिस्किटं खायची, पुडा स्वतः फोडून, आधी चारी बाजूंनी दाबून बघून. केळं खायची, पण सालीवर कुठे टोचल्याची खूण आहे का ते उजेडात धरून तपासायची. ताट समोर ठेवलं की भिंतीकडे तोंड. गोळ्यांचा तर प्रश्नच नव्हता. आठवड्यात ती एक्केचाळीस किलोंवरून अडतीसवर आली आणि दहाव्या दिवशी छत्तीसवर.

शंतनुने मला बाजूला घेतलं. “ताई, पुढच्या शुक्रवारपर्यंत हिने खायला सुरुवात केली नाही तर मला हिला अ‍ॅडमिट करावं लागेल. नाकातून नळी घालून अन्न द्यावं लागेल.”

“ती घालू देईल?”

“नाही देणार. हातपाय धरावे लागतील.” त्याने केसपेपरची घडी घातली. “मला माहितीये मी काय बोलतोय ते.”

मलाही माहीत होतं. चार माणसं तिला धरणार आणि तिला नको असताना पोटात काहीतरी ओतणार, तिच्या भल्यासाठी. त्यानंतर ही मुलगी कुणासमोर तोंड उघडेल असं मला वाटत नव्हतं, आणि तिच्या जबाबाशिवाय दीदीवरचा खटला उभा राहणार नव्हता. खरं सांगायचं तर त्या वेळी मला खटल्याची पर्वाही उरली नव्हती. ती डोळ्यांसमोर वाळत होती आणि मला रोज स्वयंपाकघरावरून जाताना लाज वाटत होती.

लाज वाटून मी काय केलं? संस्थेच्या विश्वस्तांनी खुलासा मागितला, तो मी लिहिला. स्वयंपाकीण कमळाबाई धुरी यांनी परस्पर औषध अन्नात मिसळले. परस्पर. माझ्या फोनचा त्यात उल्लेख नव्हता. कमळाबाईंना मेमो दिला, आपणास कामावरून कमी का करू नये वगैरे. त्यांनी चष्मा लावून तो वाचला, खाली सही केली आणि मला विचारलं, “उद्यासाठी पावटे भिजवू की नको?” फोनबद्दल एक शब्द नाही. त्या काही बोलल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी स्वयंपाकघरात गेले तेव्हा त्या पावटे सोलत बसल्या होत्या. मी समोर बसले आणि सोलू लागले. त्या मान खाली घालूनच बोलल्या.

“गुणाजीला पण मीच घातलेलं.”

मला आधी कळलं नाही. मग त्यांनी सांगितलं. एका बसस्टॉपच्या भिंतीवर कागद चिकटवलेला असायचा, पेशंटच्या नकळत दारू सोडवा. त्या रोज तो वाचायच्या. शेवटी एकदा पदराखाली पैसे धरून त्या पत्त्यावर गेल्या. पुड्या मिळाल्या. रोज एक पुडी आमटीत. गुणाजी दारू प्यायले की ओकून ओकून बेजार व्हायचे. दोन-तीनदा मरता मरता वाचले. चार महिन्यांनी त्यांनी ग्लास खाली ठेवला आणि म्हणाले, आता नाही. मग भजनात परत जायला लागले, पेटी काढली. नाक्यावर बसून नव्या दारुड्यांना सांगायचे, मनात आणलं की सुटते, माझ्याकडे बघा.

“मी दोन वर्षं घालत होते,” कमळाबाई म्हणाल्या. “बंद करायला हात धजेना. आणि तो मरेपर्यंत सांगत होता, मी सोडली, माझ्या हिमतीनं सोडली. मी मनात म्हणायचे, सांगू दे, त्याला बरं वाटतं ना. मला वाटायचं मी लय मोठं काम केलंय.” त्यांनी बोटाला चिकटलेली पावट्याची साल पुसून टाकली. “त्या पोरीनं तुम्ही पण म्हटलं ना, तेव्हापासून झोप नाय. त्यानं सोडली असती काय आपणहून, मला कधीच कळायचं नाय आता. तो माझ्या हातचं डोळे मिटून खायचा, अनुजाबाय.”

मला रडू आलं. इतक्या वर्षांत मी कामावर रडले नव्हते. “फोनवर मी सांगितलं होतं तुम्हाला,” मी म्हटलं. “कसंही करून, म्हणून.”

“तुम्ही बोललात. घोटली मी.” त्या उठल्या. हात धुतले, पदराला पुसले आणि सरळ मनूच्या खोलीकडे निघाल्या. मी मागोमाग गेले.

मनू भिंतीला टेकून बसली होती. कमळाबाई जमिनीवर बसल्या, गुडघे दुखतात तरी.

“चुकलं माझं,” त्या म्हणाल्या. “आता तुका काय व्हया तां सांग. काय केलं म्हणजे जेवशील?”

आम्ही दहा दिवस तिला समजावत होतो, डॉक्टर, मी, इतर मुली. हा प्रश्न कुणीच विचारला नव्हता.

“तुम्ही आमच्याबरोबर कधीच जेवत नाहीत,” मनू म्हणाली. “ती पण नाही जेवायची. सगळ्यांना द्यायची आणि स्वतः उभी राहून बघायची.”

कमळाबाईंचा चेहरा मी त्या वेळी पाहिला. जन्मभर ज्या गोष्टीचा अभिमान बाळगला तीच कुणीतरी चिखलात टाकून दाखवावी, तशा त्या बघत राहिल्या. आईची खानावळ, तीस गडी, टोपाची खरवड, सगळं दीदीच्या रांगेत जाऊन बसलं होतं. मला मनूचा राग आला, खरंच आला. हिला काय माहीत, असं वाटलं. पण हिला काय माहीत, हाच तर मुद्दा होता. तिला फक्त दिसत होतं की वाढणारी खात नाही.

“मग?” कमळाबाईंनी विचारलं.

“आधी तुम्ही खायचं. माझ्याच ताटातलं, सगळ्यातलं थोडं थोडं. मग माझ्यासमोर अर्धा तास बसायचं.”

“अर्धा तास कशाक?”

“सरबताला तेवढा वेळ लागायचा,” मनू म्हणाली.

दुसऱ्या दिवशी, सोमवारी, कमळाबाई साडेअकराला मनूचं ताट घेऊन स्वयंपाकघरात बसल्या, मनू समोर. वरण, भात, दुधी, पोळी. बाकीच्या बायका दाराशी गोळा झाल्या होत्या. कमळाबाईंनी घास उचलला आणि तो तसाच हातात राहिला. दोनदा तोंडापर्यंत नेला आणि खाली आणला. बावीस माणसं उपाशी आणि आपण जेवायचं, हे त्यांच्या हाताला समजतच नव्हतं. शेवटी त्यांनी डोळे मिटले आणि औषध गिळावं तसा घास गिळला. मग चमचाभर वरण, मग दुधी. मग भिंतीवरच्या घड्याळाखाली अर्धा तास. मनू त्यांच्या डोळ्यांकडे बघत होती. बारा वाजून गेले तेव्हा तिने ताट थोडं दूर सरकवलं.

“उद्या बघू,” ती म्हणाली.

मंगळवारी तेच. बुधवारी तेच. बुधवारी कमळाबाईंनी तिच्यासाठी चोरून सुकटाची चटणी केली होती, तीही तशीच परत गेली. त्या दिवशी मी विश्वस्तांना दुसरं पत्र लिहिलं, त्यात माझ्या फोनचं सगळं लिहिलं. मोठेपणा म्हणून नव्हे. शुक्रवारी नळीसाठी तिला न्यायला माणसं आली असती तर निदान एक खोटं तरी माझ्या अंगावर नको होतं. शंतनुने वॉर्डात खाट सांगून ठेवली होती.

गुरुवारी उकाडा फार होता. लालबागला पाणी पहाटे चारला येतं, ते भरून कमळाबाई निघतात. त्यात रात्रीची झोप गेलेली. साडेअकराला त्या बसल्या, आता घास उचलायची थोडी सवय झाली होती. भात खाल्ला, आमटी खाल्ली, आणि भिंतीला टेकून अर्धा तास मोजायला बसल्या. पंखा वरून गरम हवा टाकत होता. दहा मिनिटं झाली असतील. त्यांची मान एकदा खाली गेली, त्यांनी सावरली. पुन्हा गेली आणि मग वर आलीच नाही. तोंड थोडं उघडं, हात मांडीवरून घसरलेला.

मी दारात होते. मला वाटलं, संपलं. आता ही मुलगी ताट भिरकावणार आणि पुन्हा कधी आपल्या वाऱ्याला उभी राहणार नाही.

मनू उठली ती थेट कमळाबाईंच्या अंगावर. एका हाताने त्यांचा जबडा धरला आणि दुसऱ्या हाताची दोन बोटं त्यांच्या घशात घातली. “थुंका,” ती म्हणत होती, “थुंका, मावशी, थुंका, गिळू नका.” दीदीच्या त्या घरातल्या मुली एकमेकींना असंच वाचवायच्या, पहिल्या पहिल्या दिवसांत, अजून वाचवावंसं वाटायचं तेव्हा. छत्तीस किलोंची मुलगी, पण कमळाबाईंना तिने हलू दिलं नाही.

कमळाबाई दचकून जाग्या झाल्या आणि आधी तिच्या बोटांना चावल्या. मग खोकल्या, ओकारी काढली, डोळ्यांतून पाणी आलं.

“अगो मेले, सोड. डोळो लागलो माझो.”

मनूने सोडलं नाही. त्यांना दंडाला धरून उभं केलं, स्वयंपाकघराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालवलं आणि परत आणलं. त्यांच्या पापण्या वर करून बघितल्या.

“नाव काय तुमचं?”

“कमळा. आता नाव काय विचारतंस?”

“राहता कुठे?”

“लालबाग. पहाटे चारला पाणी भरून येते मी, झोप नाय लागणार तर काय होणार?”

“आज ताटं किती वाढायची आहेत?”

“बावीस,” कमळाबाई चिडून म्हणाल्या. “आणि तू माका सोडलंस तर वाढीन. पोरी तिकडे भुकेनं मरतायत.”

मनूने हात सोडला. आणखी थोडा वेळ ती त्यांच्याकडे बघत उभी राहिली, चावलेली बोटं तोंडात धरून. मग खाली बसली, ताट ओढलं आणि जेवू लागली. भात गार झाला होता, आमटीवर साय धरली होती. तिने सगळं खाल्लं, चटणी मागितली आणि तीही खाल्ली. कमळाबाई बाकीच्यांना वाढायला गेल्या आणि मी शंतनुला फोन लावला की खाट दुसऱ्या कुणाला द्या.

मेमो अजून कमळाबाईंच्या फायलीत आहे, आणि तसाच एक माझ्याही. विश्वस्तांनी दोघींना ठेवलं, बहुतेक दुसरं कुणी मिळत नाही म्हणून. गोळ्या मनूने पुढे स्वतः घेतल्या, प्रत्येक गोळीचं नाव शंतनुकडून लिहून घेऊन. तिला दोनदा पुन्हा नशेची ओढ लागली. एकदा तर ती दारापर्यंत जाऊन पायरीवर तासभर बसून परत आली. सगळं छान झालं असं मी म्हणणार नाही, तसं मी म्हणायचं केव्हाच सोडलंय. अर्धा तास बसायची अट तिने कधी काढली ते आठवत नाही. पण आधी जेवायची अट राहिली, कारण बाकीच्या मुलींनी ती उचलून धरली. त्यांच्यातल्या कितीजणी आमच्या ताटाकडे आजवर कशा नजरेने बघत असतील, हे मला तेव्हा कळलं. कुणी ताट तसंच टाकलं तर इतकी वर्षं आम्ही त्याला भूक नसणं म्हणत होतो.

खटला पुढच्या वर्षी उभा राहिला. बंद खोलीत साक्ष होती, मनूच्या बाजूला मला बसू दिलं होतं. समोरचा वकील सभ्य होता, आवाज चढवत नव्हता. त्याने विचारलं, रात्रीची जागरणं, दिवसभर घरकाम, शरीर थकणारच. तुम्हाला येत होती ती गुंगीच होती, साधी दमल्याची झोप नव्हती, हे तुम्ही कशावरून सांगता? तुम्ही काही डॉक्टर नाहीत.

मी मनूकडे बघितलं. तिचे हात मांडीवर होते, थरथरत नव्हते.

“दमून झोपलेल्या माणसाला हलवलं की उठतं,” ती म्हणाली. “आमच्या कमळामावशी जेवून झोपतात. नाव विचारलं तर रागावतात. तिथे आम्ही एकमेकींना हलवून नाव विचारायचो, तर कुणाला आठवायचं नाही.”

वकिलाने कागद उलटला. न्यायाधीश बाईंनी लिहिणं थांबवून मान वर केली.

“या कमळामावशी कोण?”

“आमच्याकडे स्वयंपाक करतात,” मनू म्हणाली. “आधी स्वतः खातात, मग आम्हाला वाढतात.”